घाटाखाली थांबलेली अ‍ॅम्ब्युलन्स

"तुमच्या मिसेसना हार्ट अटॅक आलाय," संकेश्वरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी माझ्यापुढे धरून सांगितलं. मला त्या रेघांमधलं काही कळलं नाही, तरी मी मान हलवली. शेजारच्या कॉटवर मालन, माझी बायको, घामानं भिजून पडली होती आणि घराला कुलूप लावलं का, असं मला खुणेनं विचारत होती.

सकाळपासून तिचा जबडा दुखत होता. दाताचंच असेल म्हणून तिनं दाढेखाली लवंग धरली. मग खांदा भरून आला, तर म्हणाली धुणं जास्त झालं. छातीत दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांना आधी एवढंच सांगतो, बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असा आडवाटेनं येतो. जबडा, खांदा, मळमळ आणि गार घाम हे सगळं एकत्र आलं तर लवंग शोधत बसू नका.

डॉक्टरांनी नाव सांगितलं मायोकार्डियल इन्फार्क्शन. म्हणजे हृदयाला रक्त पोचवणारी नळी तुंबलेली आणि तिच्यापुढचा भाग उपाशी. त्यांनी गोळ्या चावायला दिल्या आणि सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. नळी उघडायची सोय बेळगावला होती.

मी जन्मभर सरकारी बस चालवली. दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो. स्वतःच्या वरातीतसुद्धा मी जीपवाल्याला गिअर बदलायला सांगत होतो, असं मालन अजून चारचौघांत सांगते. त्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला 'पायलट' म्हणतात हे कळल्यावर तशा प्रसंगातही माझं तोंड वाकडं झालं. पायलटचं नाव बसवराज. सगळे त्याला बसू म्हणत. मागे पेशंटजवळ प्रज्ञा होती. ती ईएमटी, म्हणजे दवाखान्यात पोचेपर्यंत वाटेत पेशंटचा जीव सांभाळणारी. बेळगावजवळच्या हिंडलग्याची मुलगी. आई-वडील मजुरीवर राबले आणि ही शिकून या कामाला लागली.

तिनं मालनच्या छातीवर विजेचा झटका देणाऱ्या मशिनचे दोन मोठे चिकट पॅड लावले. "गरज लागायची न्हाई आक्का, पण लावून ठेवते," म्हणाली. मी पुढे बसूच्या शेजारी बसलो.

हायवेला लागल्यावर मला दोघांचाही राग यायला लागला. बसू प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू करत होता. याच्या जागी मी असतो तर एव्हाना हत्तरगी मागं टाकली असती, असं मनात येत होतं. आणि मागे ती पोरगी मालनला विचारत होती, आज भाजी कसली केली, आमटीत गूळ घालता का. म्हटलं, ही काय गप्पा मारायची वेळ आहे? माणसाची शुद्ध कशी आहे, उत्तर यायला वेळ लागतोय का, हे ती त्यातूनच बघत होती, ते मला फार नंतर समजलं.

यमकनमर्डी मागे पडली. वंटमुरीचा घाट समोर दिसत होता. तेवढ्यात मागच्या काचेवर थाप पडली. "बसूअण्णा, थांबव! बाजूला घे!"

बसूनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंडिकेटर लावले, हँडब्रेक ओढला आणि उडी टाकून तो मागे पळाला. इंजिन चालूच होतं.

मी काचेतून मागे बघितलं. मालनची मान कलली होती. घाट ओलांडला की काकती, आणि काकतीच्या पुढे बेळगाव. आणि गाडी उभी! बायको मरायला लागलीय आणि ही माणसं गाडी थांबवतात? मी सरकून स्टेअरिंगपाशी बसलो, क्लच दाबला आणि हात हँडब्रेकवर ठेवला. इतकी वर्षं माझ्या हातांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

"अण्णा, गाडी हलवू नका!" प्रज्ञा ओरडली. ती दोन्ही हातांनी मालनची छाती दाबत होती. मान वर न करता तिला कसं कळलं, कोण जाणे.

"अगं, बेळगाव हितंच हाय! पळवूया की!"

"गाडी हलली तर आक्का हातची जाईल. पाय काढा!"

"सुम्न कूडरी, अण्णा," बसूनंही कानडीत दटावलं. गप बसा.

मी पाय काढला. आयुष्यात इतका जड पाय मी कधी उचलला नाही.

झालं होतं ते व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. यात हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. मशिननं विजेचा झटका देऊन ती थरथर थांबवायची असते. पण मशिनला आधी हृदयाची चाल वाचावी लागते, आणि धावत्या गाडीच्या हादऱ्यात ती वाचता येत नाही. छातीही नीट दाबता येत नाही. म्हणून गाडी थांबवायची आणि पायलटनं मागे जाऊन हात द्यायचा, अशी त्यांची पद्धतच आहे.

दोन मोटारी थांबल्या. "आमच्या गाडीत घाला, झटक्यात नेतो," म्हणत माणसं मागच्या दाराला भिडली. "अण्णा, गर्दी हटवा, गाड्या बाजूनं काढा," बसूनं सांगितलं. तेवढं मला येत होतं. खाली उतरून मी हात पसरून उभा राहिलो आणि बसड्रायव्हरच्या जन्मभराच्या आवाजात लोकांना हाकललं. पाठीमागून ऐकू आलं, "कुणी हात लावू नका!" मग झटक्याचा धप्प असा आवाज, आणि पुन्हा छाती दाबताना प्रज्ञाची मोजणी. मी वळून बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

मग मालन कण्हली. तेवढं कण्हणं ऐकून मी भर हायवेवर रडलो.

बसू परत आला तेव्हा त्याचा शर्ट पिळून काढावा इतका ओला होता. तरी घाट त्यानं तसाच शांतपणे चढवला. मी गिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बेळगावात अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे तुंबलेली नळी फुग्यानं उघडून आत जाळीची नळी बसवली. दाराबाहेरच्या बाकावर बसून मी देवाला आणि त्या दोघांना आलटून पालटून आठवत होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वाटेत शॉक दिला नसता तर आमच्या हातात काही उरलं नसतं. एक बरगडी मोडलीय. छाती नीट दाबली की मोडते कधीकधी, जुळेल ती." मी चहाला बोलवायला खाली धावलो, तर दोघं स्ट्रेचर पुसून दुसऱ्या पेशंटसाठी निघूनही गेले होते.

तुमच्यावर अशी वेळ आली आणि गाडी मध्येच थांबली, तर शिव्या देऊ नका, दार ठोकू नका. मागे कुणीतरी तुमच्या माणसासाठी जिवाचं रान करत असतं.

मालन हिंडायला लागल्यावर आम्ही त्या दोघांना भेटायला गेलो. अ‍ॅम्ब्युलन्स दवाखान्याच्या आवारात उभी होती. प्रज्ञानं लगेच ओळखलं नाही. "आम्ही पेशंट सोडून येतो, अण्णा. फुडं काय झालं ते कोण सांगाय येत न्हाई," ती म्हणाली.

मालन तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "माझी बरगडी मोडलीस ती तूच व्हय गं?"

पोरीचा चेहरा उतरला. "व्हय आक्का. लई दुखतंय?"

"खोकला आला की दुखतंय." मालननं तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "दुखू दे. बरगडीखालचं चालतंय का तेवढं बघ."

प्रज्ञानं हात तसाच ठेवला. बराच वेळ ती तो काढेना.