शाईनं लिहिलेले प्रोग्रॅम

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि शेजारच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "कम्प्युटर शिकून जाऊन राहिली तू. तुले कायचं भेव?" मला खरंच भेव नव्हतं. प्रॅक्टिकलला वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझेच होते.

पुण्यात एमएस्सीच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या सरांनी एका ताऱ्याच्या नोंदींची फाईल दिली. तो किती दिवसांनी मंदावतो, ते काढायचं होतं. मी मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आमच्या कॉलेजात प्रोग्रॅम चालवत नसत, जर्नलात उतरवत. मागच्या वर्षीच्या जर्नलातून प्रोग्रॅम घ्यायचा, खाली त्याचं उत्तरही, शाईनं, सुवाच्य अक्षरात. मशीनवर कायम कापडी झाकणं. बाबांना फोनवर सांगितलं, छान चाललंय. माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, तुम्हीही घरी असंच सांगितलं असेल. त्या लाजेचा राग व्हायला काही वर्षं गेली.

आता मीच पुण्यात बीएस्सीच्या मुलांना ताऱ्यांच्या आकड्यांवर प्रोग्रॅम लिहायला शिकवते. यंदा बाहेरची परीक्षक म्हणून भंडाऱ्याला आमच्याच कॉलेजात गेले. टेबलावर समोसे, शेजारी जर्नलांचा गठ्ठा, उत्तरं तशीच शाईनं. मी म्हटलं, चालवून दाखवा. तिथले सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तं घरच्या. काहून पोरायले तरास देता?" घरची आहे म्हणूनच, असं मी जरा मोठ्यानंच बोलले.

आंधळगावची एक मुलगी आधी बसली. सात वेळा एरर आली. आठव्यांदा उत्तर आलं आणि ते जर्नलातल्यापेक्षा वेगळं निघालं. जर्नलात दरवर्षी तोच तारा, तीच फाईल, आणि आम्ही सगळे वर्षानुवर्षं एक चुकीचा आकडा सुंदर अक्षरात लिहीत आलो होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "मॅडम, हे खरंवालं लिवलं तं मार्क कटतीन का?"

तिला मी पूर्ण मार्क दिले. मग बाकीच्यांना एकेक करून बसवलं. संध्याकाळ झाली, शिपाई दोनदा डोकावून गेला, सर माझ्याशी बोलेनासे झाले.

पुण्यात कुणी असं उतरवलेलं उत्तर दिलं तर मी शून्य देऊन मोकळी होते. इथं मला मोकळं होता आलं नाही. तुझं घर कुठं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं आता एवढंच उत्तर आहे: जिथं मला असं मोकळं होता येत नाही, तिथं.