चराच्या कडेची बाई

पालीजवळ पाइपलाइनचा चर खणताना जुनं काही निघतंय का, हे पाहायला मला नेमलं होतं. शेळ्या राखणारी एक म्हातारी रोज कडेला येऊन बसायची. जेसीबीचं बकेट मातीत शिरलं की ती पदर दातात धरायची.

एका दुपारी हाडं लागली. ती धडपडत माझ्याकडे आली.

"बाईमाणसाचं हाय का, सायेब? माजी लेक फुडच्या गावात दिलती. पळून गेली म्हनत्यात सासरचे."

हाडांशेजारची खापरं मी पाहिली. "आजी, हे शेकडो वर्षांपूर्वीचं आहे."

तिनं पुन्हा हाडांकडे पाहिलं. "मंग पळूनच गेली आसंल, न्हाई का?"

मी होकारार्थी मान हलवली. उद्यापासून चर तिच्या लेकीच्या सासरच्या गावच्या शिवारात शिरणार होता, आणि पहिल्यांदाच मला खणायची भीती वाटली.