पोकर शिकलेले भाऊजी

भिलाईच्या आमच्या सेक्टरात शेजारी राहणारे भाऊजी पोकर अभ्यास करून खेळतात. रविवारी दुपारी आमच्या व्हरांड्यात चिंचोके लावून डाव रंगतो. डाव संपला की आम्ही तो विसरतो, ते मात्र पानं पुन्हा मांडतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "वहिनी, थे राणी कावून टाकली? थांबाले पाहिजे होतं." मोबाइलवर पोकर शिकवणारे व्हिडिओ पाहून पाहून आता ते क्वचितच हरतात.

एकदा त्यांनी हातातले तीन राजे टाकून दिले. माझी पानं खरंच त्याहून भारी होती. "कसं कळलं?" मी विचारलं.

"पानं चांगले आले का तुमचा चहा तसाच राह्यते. मी कवाचा पाहून राहिलो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

परवा तेच भाऊजी माझ्या मुलीसाठी स्थळ घेऊन आले. इथून जवळच्याच पद्मनाभपुरात राहणारा त्यांचा पुतण्या. मला मुलगा पसंत होता, पण चौकशी होईपर्यंत तसं दाखवायचं नव्हतं. म्हणून मी आठवणीने सगळा चहा संपवला.

भाऊजींनी चष्मा पुसला. "वहिनी, आज बहुत ध्यान देऊन चहा प्याल्या. म्हंजे स्थळ पसंत हाय."

"मुलीला विचारून सांगते," मी तुटकपणे म्हणाले.

"विचारा ना. घाई नाही."

मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. भाऊजींची नजर तिच्या भरलेल्या कपाकडे वळली. तिच्या मनातलं माझ्याआधी त्यांना कळू नये, म्हणून मी तो कप उचलून आत नेला.