फाट्यावरचा फ्लेक्स

भाचा फौजेत आहे. त्याच्या वाढदिवसाला दोस्तांनी किन्हीराजाच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय वाढदिवस होतच नाही बाप्पा! वर्दीतला फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत पलटणीचं नाव आणि सीमेवरच्या चौकीचंसुद्धा. चौकीचं नाव त्यानं फक्त आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला सांगितलं होतं. तिनं कौतुकाच्या भरात ते दोस्तांना सांगून टाकलं.

सकाळीच भाच्याचा फोन. "मामा, फ्लेक्सचा फोटो मोबाईलवर फिरून राह्यला. साहेबानं पाह्यला तं माह्यी नोकरी जाईन. काढा तो आधी!"

मी तालुक्याला वकिली करतो. कोर्टात गेलोच नाही, तडक फाटा गाठला. ताई फ्लेक्सखालीच उभी, येणाऱ्या-जाणाऱ्याला लेक दाखवत. काढायचं म्हणताच भडकली.

"काहून? चोरी केली काय त्यानं?"

मग तिथंच तिला कायदा समजावत बसलो. सरकारी गुपितांचा हा कायदा इंग्रजांनी केला. त्यांना धास्ती हेरांची, तेवढीच इथल्या लोकांची. गोरे गेले, कायदा आपण ठेवून घेतला. गुपित कशाला म्हणायचं तेही सरकारच ठरवणार, याचा मला नेहमी संताप येतो. पण चौकीचं नाव दडवायलाच हवं. तिथं आपलं पोरगं झोपतं.

"म्हंजे त्यानं मले सांगतलं, तोयी गुन्हाच?"

"धरला तर गुन्हाच, ताई."

"मी माय असून?"

"कायद्यात माय असं काही नाही वं."

बोलून गेलो आणि मलाच फार वाईट वाटलं. हॉटेलवाल्याकडून विळा आणून तिनं स्वतःच दोऱ्या कापल्या, लेकाचा चेहरा आत राहील अशी घडी घातली आणि घरी नेली.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच होतो; मलाही ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला. एरवी तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठी हायेस?" तो आलाच नाही. जेवला का, एवढंच विचारलं.

"माय, साहेब रागावले, पण नोकरी वाचली. आता दुसरीकडं पाठवून राह्यले. तिथं—"

"नको सांगू!" ताई ओरडलीच. "मले नको सांगू बापू. माह्या तोंडात राहत नाही."

पलीकडे नुसता वाऱ्याचा आवाज. तिनं मोबाईल कानाशी घट्ट धरला.

"बोलू नको काही," ती म्हणाली. "फोन तेवढा चालू ठेव."