खोडदच्या तळ्यातला जिताडा

माळशेज घाटात एसटीतल्या सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. भाद्रपद अर्धा सरला होता, तरी कड्यांवरून पाणी सुटलेलंच होतं, आणि प्रत्येकाला त्याचा फोटो हवा होता. माझा जीव मात्र मांडीवरच्या पिशवीत अडकला होता. पिशवीत माझा जुना सूक्ष्मदर्शक होता. दर वळणावर गाडी हेलकावली की मी त्याला लेकरासारखी पोटाशी धरत होते.

मी अलिबागजवळच्या खाडीकाठची. समुद्रातल्या माशांचे आजार तपासण्यात नोकरीची तीस वर्षं गेली. गावात मला अजून ‘माशांची डॉक्टरीण’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. समुद्र सोडून मी मासा बघायला घाट चढून देशावर निघाले हे कळल्यावर शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. पण मला जाणं भाग होतं, कारण माझ्या हातून चूक झाली होती.

झालं होतं ते असं. खोडदच्या सुमननं आमच्या शेजारच्या गावातून जिताड्याची पिल्लं नेऊन आपल्या शेततळ्यात सोडली होती. जिताडा हा समुद्राचा मासा. अंडी खाऱ्या पाण्यात घालतो, पण गोड्या पाण्यातही तो झकास वाढतो. नऊ-दहा महिने मासे छान वाढले आणि श्रावणात मरायला लागले. पिल्लं देणाऱ्यांकडून माझा नंबर घेऊन सुमननं फोन केला, तेव्हा ती म्हणाली की लाईट गेली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे पाण्यावर येऊन तोंड वासतात आणि चार-पाच मरतात. मी फोनवरच निकाल देऊन टाकला. लाईट गेली की हवेचं यंत्र बंद पडतं, माशांचा जीव गुदमरतो, यात बघायचं काय? जनरेटर घ्या म्हटलं. त्यांनी घेतला. मासे मरायचे ते मरतच राहिले.

आळेफाट्याला सुमनचा नवरा संदीप पिकअप घेऊन उभा होता. टपरीवर चहा पिताना त्यानं घरची गोष्ट सांगितली. तळं खरं तर द्राक्षांसाठी खणलेलं. सुमननं मासे करायचे म्हटल्यावर त्याच्या थोरल्या भावानं विरोध केला होता. तात्यांनी, म्हणजे संदीपच्या वडिलांनी, मध्ये पडून सुनेला एक वर्ष मिळवून दिलं. आता थोरल्याचं म्हणणं असं, की दसऱ्यापर्यंत मरतूक थांबली नाही तर मासे काढायचे आणि तळं पुन्हा नुसतं बागेला द्यायचं. दसऱ्याला वीस-पंचवीस दिवस उरले होते.

“तिनं लई जीव लावलाय, ताई,” संदीप म्हणाला. “मासं गेलं तर ती परत कशाला हात लावायची न्हाई.”

नारायणगाव ओलांडून आम्ही खोडदच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना टोमॅटोचे मांडव, मागे द्राक्षांच्या बागा, आणि त्या सगळ्यावर रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड जाळीदार थाळ्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. मी मान उंचावून बघत राहिले. संदीपनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आमच्याकडे कुणी समुद्राकडे बघत नाही तसंच.

घरी पोचताच जेवायला बसवलं. ताटात मासवडी आली (बेसनाच्या पोळीत खोबरं, तीळ आणि लसणाचं सारण भरून केलेली वडी, झणझणीत रश्शाबरोबर खातात). आकार माशाचा, आत मासा औषधालाही नाही. मी हसले तशी सुमनही हसली. तात्या माळकरी, घरात मासा शिजत नाही. सुमनचं माहेर आंबेगावच्या डिंभे धरणाकाठचं, तिथे मासे पाळलेले बघत ती मोठी झाली. तात्यांनी परवानगी देताना एकच अट घातली होती, की अंगणात मासा कापायचा नाही. आणि गंमत अशी, की माशांना सकाळचं खाद्य रोज तात्याच टाकत. ते काठावर आले की जिताडे पाण्यात वळवळाट करत, असं सुमननं कौतुकानं सांगितलं.

दुपारी एक मेलेला जिताडा घेऊन मी बांधापलीकडे गेले. अट पाळायला हवी होती. कल्ल्याचं झाकण उचललं आणि माझं मलाच वाईट वाटलं. हवेअभावी मेलेल्या माशाचे कल्ले असे नसतात. हे सुजलेले होते, मातकट झालेले, आणि त्यांच्यावर शेंबडासारखा जाड थर होता. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पाकळ्या एकमेकींना चिकटून गेलेल्या दिसल्या. मासा भरपूर हवेच्या पाण्यात होता, पण ती आत घ्यायला त्याच्याकडे कल्लेच उरले नव्हते.

हे कल्ले मला पाठ होते. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आले आणि त्यांचं धातू मिसळलेलं पाणी सुटू लागलं तेव्हापासून मी हेच बघत आले. आधी बोयटं, मग तांबोशी, शेवटी जिताडा. धातूचं पाणी मासा एका दिवसात मारत नाही. तो आधी खाणं सोडतो, मग साध्या रोगालाही बळी पडतो, मादीच्या पोटात अंडी धरत नाहीत, आणि लोक म्हणतात यंदा मासा कमी आला. तो कमी येत नसतो, आजारी असतो. आता आमच्या खाडीत जिताडा मिळाला तर त्याची गावभर बातमी होते.

मी सरळ विचारलं, तळ्यात औषध जातंय का? तात्यांचा चेहरा पडला. तळ्याच्या काठावर आपण साधा डबा विसळू देत नाही, फवारणीची भांडी पार बाभळीखाली नेऊन धुतो, हे त्यांनी मला तिथे नेऊन दाखवलं. जमीन निळसर पडलेली होती, म्हणजे माणूस खरं बोलत होता. तळ्याभोवती कुंपण, वरून जाळी. मग औषध शिरतं कुठून? सुमन माझ्याकडे आशेनं बघत होती, आणि ते मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेवर फवारणी होती. तात्या स्वतः बोर्डो करतात (मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि चुना यांचं निळं मिश्रण, पावसाळ्यात बुरशीवर मारतात). घरात तो मान त्यांचाच. ट्रॅक्टर तळ्याच्या भरावावर उभा केला, मागच्या टाकीत मिश्रण ओतलं, आणि तळ्यातल्या मोटारीचा पाइप टाकीत पार तळापर्यंत खुपसला. मी म्हटलं, वरून का नाही सोडत?

“वरनं सोडलं की गोळं राहत्यात,” तात्या म्हणाले. “पाइप तळाला घातला की पान्याच्या जोरानं आपसूक घोळून निघतं. ही आमची जुनी रीत हाय.”

टाकी अर्धी-पाऊण भरली आणि लाईट गेली. संदीप जनरेटर सुरू करायला पळाला, तात्या चहाला घरात गेले. मी भरावावर एकटी उभी होते. सहज टाकीत डोकावले तर पाणी खाली चाललेलं. आधी वाटलं डोळ्यांचा भास. कडेला बोट धरून पाहिलं, तर पातळी बोटाखालून सरकत होती आणि टाकीखाली जमीन कोरडी ठणठणीत होती. मग मी तळ्यात पाहिलं. मोटारीपाशी पाण्यात निळसर ढग पसरत होता.

मी पाइप हिसकून टाकीबाहेर काढला आणि ओरडून सगळ्यांना बोलावलं. टाकी उंचावर, तळं खाली. मोटार थांबली की तळाशी बुडालेल्या पाइपातून औषध उलटं फिरून तळ्यात उतरत होतं. मोटारीत पाणी अडवायला काही नव्हतं. म्हणजे लाईट गेली की मासे मरत होते हे सुमनचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. चुकीचं होतं ते माझं उत्तर. जनरेटर घ्यायला लावून मी त्यांचा महिना वाया घालवला होता, हे मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं.

तात्यांना पटेना. टाकी गळते म्हणून आपण ती दोनदा वेल्डिंग करून आणली, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी त्यांनीच दोन बाटल्या घेतल्या, एकीत तळ्याचं पाणी भरलं, दुसरीत विहिरीचं, आणि मला म्हणाले चला मंचरला. तिथल्या माती-पाणी तपासणाऱ्या दुकानात आम्ही दुपारपर्यंत बाकावर बसलो. बाहेर तरकारीच्या गाड्या वाजत होत्या. तात्यांनी माझ्यासाठी भेळ मागवली, स्वतः पाण्याचा घोटही घेतला नाही. तपासणाऱ्यानं कागद दिला. विहिरीचं पाणी स्वच्छ होतं, तळ्याच्या पाण्यात तांबं होतं, मोरचुदातलं.

तात्यांनी कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर नारायणगाव आलं तेव्हा त्यांनी माळेला हात लावला.

“गळ्यात माळ हाय माझ्या,” ते म्हणाले. “जल्मात मासा खाल्ला न्हाई. सकाळी ज्या हातानं चारलं त्याच हातानं मारलं व्हय मी?”

तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच मी म्हटलं. त्यांना ते पुरलं नाही, आणि पुरायलाही नको होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी थोरल्याला, संदीपला आणि सुमनला तळ्यावर बोलावलं. पाइप कुठून कुठे गेला होता ते हातानं दाखवलं, स्वतःच्या तोंडानं. तिथेच कोयत्यानं पाइपाचा तुकडा पाडला, म्हणजे तो टाकीत बुडण्याइतका लांबच राहणार नाही. मिश्रण यापुढे काठीनं घोळायचं आणि पाणी विहिरीवरून भरायचं. थोरला म्हणाला, एवढा खटाटोप माशांसाठी?

“चूक माझी हाय, तिची न्हाई,” तात्या म्हणाले. “तळं सुमनचं. दसऱ्याचा इषय संपला.”

सुमननं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच कामाला लागली. तळ्यातलं अर्धं पाणी बदलायचं ठरलं. ते ओढ्याला सोडू या म्हणताच तिनं नको म्हटलं, खाली लोकांच्या विहिरी आहेत, बागेतच थोडं थोडं देऊ. पाणी आणि मासा दोन्ही पुन्हा तपासल्याशिवाय एकही जिताडा विकायचा नाही, हेही मी सांगण्याआधी तीच बोलली. मला तिचा अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी तात्या मला आळेफाट्यावर गाडीत बसवायला आले. गाडीला उशीर होता. त्यांनी आमच्या खाडीबद्दल विचारलं आणि मी सांगत गेले, कारखाने, कल्ले, वर्षानुवर्षं पाठवलेले अहवाल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आन् बाई, ज्याचा पाइप, त्याला पाइपापाशी नेऊन उभं केलं का कधी?” त्यांनी विचारलं. “कागद मलाबी पटला नसता. मी पानी डोळ्यांनी बघितलं.”

मी खरं ते सांगितलं. नाही, कधीच नाही. तीस वर्षं मी मासे चिरले, कल्ले मोजले, कागद लिहिले, आणि लिहिलं म्हणजे काम झालं असं समजून निवृत्तीचा नारळ घेतला. घाट उतरताना पुन्हा सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मला स्वतःचा राग येत होता, आणि फार दिवसांनी अंगात हुशारीही वाटत होती.

आठवड्यानं सुमनचा फोन आला. पाच दिवसांत एकही मासा मेला नव्हता, आणि तात्या काठावर गेले की जिताडे पुन्हा खायला वर येत होते. मी म्हटलं, आता तुला माझी गरज नाही. ती म्हणाली, जनरेटर मात्र परत घ्या. दोघी पोटभर हसलो.

त्याच दिवशी ओहोटीला मी चप्पल हातात घेतली आणि खाडीच्या काठानं चिखल तुडवत वर चालत गेले. पहिला पाइप अर्ध्या तासावरच सापडला, खारफुटीच्या आड, वाहता. तो कुठून येतो ते बघत बघत मी एका कारखान्याच्या भिंतीपर्यंत पोचले, वळसा घालून फाटकापाशी आले. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली बाई बघून वॉचमन उठून उभा राहिला आणि काय काम आहे म्हणाला.

“मालकांना बाहेर बोलवा,” मी म्हटलं. “त्यांना माझ्याबरोबर पाइपापर्यंत चालत यायचंय. ते येईपर्यंत मी इथेच बसते.”