तीन पिशव्यांतली कोलंबी

आमच्या सोसायटीत ओला कचरा वेगळा गोळा करायला सुरुवात झाली, तेव्हा सगळ्यात जास्त बडबड मी केली. आणि ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यामुळे एका बाईचं काम गेलं. ते कसं गेलं ते सांगतो. स्वतःची बाजू मांडायचा मोह वाटेत बऱ्याच ठिकाणी होईल, तो होता होईल तेवढा आवरतो.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, आणि स्टेशनच्या पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहायला येऊन आता एकोणीस वर्षं झाली. मजल्यावर चार घरं. समोर गुजराती काका-काकी, त्यांच्या शेजारी त्यांचेच एक नातेवाईक, बाजूला राजस्थानी कुटुंब, आणि आम्ही. या तीन घरांत कांदासुद्धा तिथी बघून चिरतात. आम्ही मासे खातो हे मजल्यावर कुणालाच माहीत नाही, असा माझा एकोणीस वर्षं समज होता.

तो समज टिकवायला मी काय काय करायचो. रविवारी मासळी आणायची ती ऑफिसच्या बॅगेतून. रविवारी ऑफिसची बॅग घेऊन माणूस कुठून येतो, हा प्रश्न कुणाला पडेल असं मला कधी वाटलं नाही. मग स्वयंपाकघराची खिडकी बंद, पंखा चालू, आणि कढईत तेल पडायच्या आत घरभर धूप. आमचे देव सोमवार ते शनिवार एका उदबत्तीवर भागवतात, रविवारी त्यांची चंगळ. हा धूप आपल्यासाठी नाही हे त्यांनाही एव्हाना कळलं असेल.

राहता राहिलं सगळं सोलून-साफ करून उरलेलं. ते मी आधी दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरायचो, ती पिशवी वर्तमानपत्रात, आणि ते पुडकं काळ्या पिशवीत. वर दोरा, दोन गाठी. बायको म्हणायची, "अहो, दागिनेसुद्धा एवढे बांधून ठेवत नाही आपण."

एक सांगायला हवं, की मजल्यावरच्या कुणीही आम्हाला कधी काही म्हटलं नव्हतं. बंदी कुणी घातली नव्हती. ती मीच स्वतःवर घालून घेतली होती आणि एकटाच इमानेइतबारे पाळत होतो.

तर ओला कचरा. समोरचे काका सोसायटीचे चेअरमन. त्यांनी मनावर घेतलं, गेटच्या मागच्या बाजूला खताचा खड्डा बांधून घेतला, आणि एका संस्थेतली मुलगी समजावून सांगायला आली. तिने दोन बादल्या मांडल्या आणि काय कशात टाकायचं ते हिंदीत सांगितलं. तिने सरळ सांगितलं होतं की मासळीची खवलं, काटे, कोलंबीची सालं, मटणाची हाडं, सगळं ओल्या कचऱ्यात चालेल. वर जरा जास्त भुसा टाकायचा, इतकंच. फक्त पिशवी नको, कुठलीच.

नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात माझा जन्म पत्रांचे मसुदे करण्यात गेला आहे. मी झोकात लिहायला बसलो. भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात. मग मासळीची ओळ आली आणि पेन थांबलं. ही नोटीस लिफ्टशेजारी लागणार. काकी वाचणार. खाली माझी सही. बघणारा म्हणेल, याला बरं माहीत कोलंबीची सालं कशात टाकायची. मी ती ओळ गाळली. 'इत्यादी' लिहून मोकळा झालो.

कचरा गोळा करायला पश्चिमेकडच्या मोरवा गावातून एक मावशी यायला लागल्या. पन्नाशीच्या, काटक. आधी मिठागरात जायच्या, ते काम सुटल्यावर बरीच वर्षं मिळेल ते करत होत्या. आमच्याकडचं काम त्यांना सावलीतलं, महिन्याचा पगार असलेलं पहिलंच. तीन महिने बघू आणि मग कायम ठेवू, असं ठरलं होतं. सकाळी आठला बेल वाजायची, मावशी बादलीचं झाकण उचलून बघायच्या, मोठ्या डब्यात ओतायच्या आणि पुढे जायच्या.

इकडे मी ग्रुपवर सुटलो होतो. 'सर्व सभासदांना नम्र विनंती' अशी सुरुवात केल्याशिवाय माझा दिवस उजाडायचा नाही. दर आठवड्याला मी 'आदर्श बादली'चा फोटो टाकायचो. एकदा कुणीच फोटो पाठवला नाही म्हणून मी आमच्याच बादलीचा टाकला. वर मेथीची देठं, दुधीच्या साली, अगदी चित्रात काढावी तशी. बऱ्याच लोकांनी अंगठे पाठवले. त्या साली-देठांच्या खाली तीन पिशव्यांत गुंडाळलेली आदल्या दिवशीची कोलंबी होती.

असे आठ सोमवार गेले. बादलीतली पिशवी पुढे कुठे जाते, हा विचार मी केला नाही. आपल्या दारातून गेली म्हणजे गेली.

नवव्या सोमवारी मावशींच्या भाचीची हळद होती. त्यांनी सांगून दोन दिवस सुट्टी घेतली. त्या दोन दिवसांत वॉचमनने सगळ्या बादल्या न बघता खड्ड्यात ओतल्या. आणि गुरुवारी बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीची माणसं आमचा खड्डा बघायला आली, कारण त्यांना आमच्याकडे बघून तसाच करायचा होता. काकांनी पांढरा झब्बा घातला होता. मी सोसायटीचं रजिस्टर घेऊन उभा होतो. मावशी बाजूला खत उकरायचा लोखंडी पंजा धरून उभ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कमिटी मेंबर बाई पाहुण्यांना सांगत होत्या, "आमच्याकडे अजिबात वास येत नाही."

काकांनी कौतुकाने मावशींच्या हातातला पंजा घेतला आणि खड्डा जरा उकरून दाखवला. पंजाला काळी पिशवी अडकून वर आली. फाटली. आतलं वर्तमानपत्र, आतली दुधाची पिशवी, आणि मग जे काही आत होतं ते. चार दिवस हवाबंद राहिलेल्या कोलंबीचं वर्णन मी करत नाही. पाहुण्यांनी रुमाल काढले. त्यांच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "हम लोग फोन करते हैं आपको," आणि ते सगळे गेटकडे निघाले.

काका मावशींकडे वळले. "ये क्या है? आप देखती नहीं डालने से पहले?"

"मी रोज बघते. सोमवारी मी नव्हते."

"बहाना मत करो," मेंबर बाई म्हणाल्या. "किसके घर का है, बोल दो."

मावशींनी त्या पिशवीकडे बघितलं. दोऱ्याला दोन गाठी होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरमध्ये बघायला लागलो.

"मना न्हाय माहीत," मावशी म्हणाल्या.

मेंबर बाईंनी लगेच सुचवलं की सोमवारपासून दुसरं माणूस बघावं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लिखो, भाई." आणि मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. 'कचरा गोळा करणाऱ्या बाईंचा हलगर्जीपणा' हे शब्द मी वळणदार अक्षरात लिहिले, खाली रेघ मारली. मावशींनी पंजा नळावर स्वच्छ धुतला, भिंतीला टेकवून ठेवला, आणि गेल्या.

घरी बायकोने विचारलं, "तुम्ही बोललात का, की आपली होती?"

"वेळच मिळाला नाही गं."

"लिहायला मिळाला ना?"

त्यानंतर तीन दिवस तिने तो विषय काढला नाही. रविवारी मी सवयीने ऑफिसच्या बॅगेतून कोलंबी आणली. तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाटावर बसून राहिली. "मी सोलणार नाही. सालं कुठे टाकायची ते आधी सांगा." मी काळ्या पिशव्यांच्या खणाकडे बघितलं. ती म्हणाली, "त्या मी फेकल्या."

तेव्हा मी समोरची बेल वाजवली. काकींनी दार उघडलं, पाणी आणलं, काका झोपाळ्यावर होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "काका, वो काली थैली मेरे घर की थी."

"मालूम है," काका म्हणाले. "बैठो."

"मालूम है, मतलब?"

"अरे भाई, संडे को ग्यारह बजे तुम्हारे घर से इतना धूप आता है. उन्नीस साल से आता है. हम लोग धूप से ही समझते हैं कि आज मच्छी है." आतून काकी म्हणाल्या, "आज धूप नथी कर्यो?"

मला वाटलं होतं हा कबुलीजबाब जड जाईल. तसा तो गेला नाही, जड गेलं ते पुढचं. मी विचारलं, "मग गुरुवारी आप बोले क्यूं नहीं?"

"रजिस्टर आपके हाथ में था. मैं सोचा, लिखने से पहले आप बोलोगे." पायाने झोपाळा थांबवून ते म्हणाले, "फिर लगा, मैं बोलूंगा तो सबके सामने आपकी इज्जत जाएगी. मेरी भी गलती है."

म्हणजे माझी अब्रू सांभाळायला काका, मी आणि मावशी असे तिघं झटत होतो. त्यात काम मात्र एकटीचंच गेलं.

त्याच दुपारी मी रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलो आणि रिक्षाने मोरव्याला. मावशींचं घर विचारत विचारत सापडलं. अंगणात एक नारळ, एक कोंबडी, आणि मावशी तांदूळ निवडत बसलेल्या. मला बघून उठल्या नाहीत. मी म्हणालो, "मावशी, ती पिशवी माझी होती."

"मना काय सांगता? पयल्या सोमवारीच कळलं."

"कसं?"

"दादा, तुमची बादली कोन उघडायचं? मीच ना? आठ सोमवार ती पिशवी मी सोडली. गाठ सोडायची, कागद काडायचा, ती दुधाची पिशवी उलटी करायची, मग सालं खड्ड्यात आनि वर भुसा. मी होते तवर आला का कदी वास?"

मी खाली बसलो, पायरीवरच. "मग मला बोलला का नाहीत?"

"म्हटलं, येवढं तीन-तीन पिशव्यांत बांधतंय मानूस, काय तरी अडचन असंल. मानसाची झाकलेली गोष्ट कशाला उघडायची." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "पन तुमी कोलंबीची डोकी फेकता. तेवडं मना पटलं न्हाय. डोक्याचं कालवन करतात."

मी माफी मागितली. चांगली, सविस्तर मागितली. माझ्या मसुद्यांसारखीच ती लांब होती. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"त्या दिवशी मी तुमच्याकडं बघितलं," त्या म्हणाल्या. "तुमी वहीत बघत होता."

"हो."

"मना चार मानसांसमोर बोलले. तुमी हितं अंगनात येऊन माफी मागता. हितं कोन हाय? माझी कोंबडी."

"मी आजच ग्रुपवर टाकतो. सगळ्यांना जाईल."

"त्या मोबाईलात मी हाय का?"

नव्हत्या. एवढे मेसेज टाकले मी कचऱ्यावर, पण कचरा उचलणाऱ्या बाईंना त्या ग्रुपमध्ये घ्यावं हे मला सुचलं नव्हतं.

मी काकांना सांगितलं, आणि सोमवारी संध्याकाळी त्यांनी सोसायटीतली गुरुवारचीच माणसं खड्ड्यापाशी बोलावली, मावशींनाही निरोप धाडला. मावशी आल्या, गेटजवळ उभ्या राहिल्या. मी खिशात कागद ठेवला होता, तो काढावासा वाटला नाही. काढला असता तर 'नम्र विनंती'ने सुरुवात झाली असती. मी अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत बोललो. पिशवी माझी होती. मावशींनी आठ वेळा ती हाताने सोडली होती. मासळी ओल्यात चालते हे मला माहीत होतं, ती ओळ मी नोटिशीतून गाळली, कारण मला लाज वाटत होती. आणि गुरुवारी मी रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं. वॉचमन आदराने दुसरीकडे बघत होता, ते सगळ्यात वाईट.

काकांनी रजिस्टर माझ्यासमोर धरलं आणि ती ओळ मोठ्याने वाचायला लावली. मग मी ती खोडली, बाजूला खरं काय ते लिहिलं आणि सही केली. अक्षर चांगलं आलं नाही. काका मावशींना म्हणाले, "मैंने भी उस दिन गलत किया. कल से आओगी?" मावशी म्हणाल्या, "बघते," आणि गेल्या.

वर जाताना लिफ्टमध्ये मेंबर बाई माझ्याशेजारी होत्या. दोन मजले जायचे, तेवढ्यात हळूच म्हणाल्या, "आमच्याकडून पण एकदोनदा मटणाची पिशवी गेली होती हो. तुम्ही कुणाला बोलू नका." त्यांना तोंड उघडायला सांगण्याचा हक्क मी चार दिवसांपूर्वीच घालवला होता.

रविवारची कोलंबी बायकोने शेवटी केली होती. सालं पिशवीशिवाय बादलीत. सोमवारी सकाळी कुणी आलं नाही, कारण नव्या माणसाला काकांनी थांबवलं होतं. बादली दिवसभर दाराबाहेर राहिली. झाकण होतं, पण झाकणाला मर्यादा असते. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाची पावलं आमच्या दारापाशी जरा जलद व्हायची, आणि मी आत बसून ती ऐकत होतो. धूप लावायला उठलो होतो. बायकोने बघितलं आणि मी परत बसलो.

मंगळवारी आठला बेल वाजली. मी जवळजवळ पळतच दार उघडलं. समोरचं दारही उघडं होतं, काकी आपली बादली घेऊन उभ्या होत्या. मावशींनी आमचं झाकण उचललं, आत बघितलं, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"डोकी परत टाकली काय, दादा?"