भिंतीतली गोष्ट

बुसानच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत माझ्या ओक-सुन मावशीचं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात दिसलं की ती कोंबडीसारखी मान पुढे काढून विचारते, "बोला, काय हरवलंय?" तिची ही नक्कल मी इतकी हुबेहूब करते की एकदा खुद्द तिचे यजमान, काकाच, गिऱ्हाईक आलं समजून "आलो, आलो" करत धावले.

काल आमचे नेहमीचे गिऱ्हाईक पियोन आजोबा आले. "गोष्टीचं नाव आठवत नाही गं. एका गावात रोज संध्याकाळी भोंग्यावरून सांगतात, आज काय काय विसरायचं ते. सगळे विसरतात, एक मुलगी तेवढी विसरत नाही. बायको अंथरुणाला खिळलीय, रोज विचारते, त्या मुलीचं पुढं काय झालं?"

एरवी मावशी लेखकाच्या सात पिढ्या सांगते. काल मात्र पुटपुटली, "असली गोष्टच नाही कुठं."

ते गेल्यावर मी त्यांचा आवाज काढला, "नाहीच का गं?"

मावशी हसली नाही. "गप बस, कार्टे! त्या गोष्टीच्या पुस्तकावर एके काळी सरकारची बंदी होती. मी झडतीला घाबरले. रंगीत कागद लावण्याआधी भिंतीला रद्दीचं अस्तर देतो ना, त्यात त्याची पानं खळ लावून डकवली. आणि आज त्या माणसाला तोंडावर विसरायला सांगितलं. मीच भोंगा झाले की!"

तिने कपाट सरकवलं, भिंतीवर पाणी शिंपडलं आणि नखाने कागदाचं टोक सोडवलं. "पळ, आजोबांना थांबव."

"कुणाच्या आवाजात हाक मारू?"

"तुझ्याच," मावशी म्हणाली. "माझ्या आवाजावर आता ते थांबायचे नाहीत."